डोळेबाईंचे दोन दिवे

डोळेबाईंचं खरं नाव विजेच्या बिलावर छापून येत असे, आणि ते बिल सोडलं तर दुसरं कुणी ते वापरत नसे. गल्लीतल्या शिंप्यापासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत सगळे त्यांना डोळेबाईच म्हणत. कारण अगदी सरळ होतं. मास्तरांच्या फोटो स्टुडिओत, पडद्यामागच्या आतल्या खोलीत बसून, एकवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: फोटोत ज्यांचे डोळे मिटले असतील त्यांचे उघडून द्यायचे. सुरुवातीला काचेवर निगेटिव्ह ठेवून बारीक ब्रशनं, पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा माउसनं. कुणाचा साखरपुड्याचा फोटो असो, कुणाचं निवृत्तीचं प्रमाणपत्र असो, बाहेर मास्तर खटका दाबायचे आणि आत बाई डोळे उघडायच्या. त्यांचा हातखंडाच होता तो. माणूस समोर आला की इतर लोक चेहरा बघतात, या बाई पापण्या बघायच्या.

आता तुम्ही म्हणाल, एका स्टुडिओत इतक्या लोकांचे डोळे मिटतात तरी कसे? हा प्रश्न एकवीस वर्षांत एकदाही बाईंच्या मनात आला नाही. दाताच्या डॉक्टरला कधी वाटतं का, की लोकांचे दात किडतात तरी का इतके? काम येत होतं, घर चालत होतं, विषय संपला.

घरात माणसं दोनच. बाई आणि त्यांच्या सासूबाई. बाईंचा नवरा त्या सत्तावीस वर्षांच्या असतानाच गेला, आणि त्यानंतर महिन्याभरात सासूबाईंनीच त्यांना मास्तरांच्या दारात नेऊन उभं केलं होतं. सुनेचा हात चित्रकलेत बरा आहे, काही काम असेल तर द्या, एवढंच त्या म्हणाल्या. मास्तर कुरकुरले, चष्म्यावरून बघितलं, आणि उद्यापासून ये म्हणाले. त्या दिवसापासून दोघी बायकांनी एकमेकींना धरून दिवस काढले. भांडल्याही भरपूर. पण सकाळचा चहा कधी वेगवेगळा प्याल्या नाहीत.

सासूबाई आता एकोणऐंशीच्या. त्यांची लेक, म्हणजे बाईंची थोरली नणंद, समुद्रापलीकडच्या देशात होती. नणंदेचा नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळलेला, त्यामुळे तिला तिथून हलता येत नव्हतं. मायलेकींनी एकमेकींना बघून अकरा वर्षं झाली होती. शेवटी लेकीनं पुढच्या महिन्याचं विमानाचं तिकीटच काढून पाठवलं, आणि आई, आता तू ये, असं फोनवर सांगून रडली. सासूबाई जायला एका पायावर तयार होत्या. अडलं होतं पासपोर्टच्या फोटोवर.

सासूबाईंचे डोळे फोटोत मिटायचे. आयुष्यात त्यांचा एकही फोटो उघड्या डोळ्यांचा नव्हता. लग्नाच्या फोटोत मिटलेले, बारशाच्या फोटोत मिटलेले. घरात भिंतीवर जे काही होतं त्यातले डोळे सुनेनंच काढलेले होते. म्हणून मास्तरांकडे फोटो काढला, बाईंनी नेहमीप्रमाणे डोळे घातले, आणि अर्ज गेला. आठवड्यात परत आला. फोटोत फेरफार केलेला चालणार नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. एकवीस वर्षांत त्यांचे डोळे परत यायची ही पहिली वेळ. मग सासूबाईंना बाजारातल्या फोटो काढणाऱ्या यंत्रात बसवलं. ते यंत्र बोलतं, तीन, दोन, एक असं मोजतं, आणि सासूबाईंनी बरोबर एकला डोळे मिटले. चार वेळा मिटले. त्यातल्या त्यात कमी मिटलेला फोटो अर्जाला लावला. तोही अर्ज परत आला, आणि या वेळी तारीख घालून आला. वीस तारखेच्या आत नवा फोटो दिला नाही तर अर्ज बंद, पुन्हा पहिल्यापासून रांग, आणि तिकीट पाण्यात.

याच सुमाराला मास्तरांचे गुडघे गेले आणि स्टुडिओ बंद झाला. निरोपाच्या दिवशी त्यांनी आपला दुसरा कॅमेरा बाईंच्या हातात ठेवला, घरी पडून राहण्यापेक्षा तू वापर म्हणाले. वापर म्हणजे काय, बाईंनी जन्मात फोटो काढला नव्हता, फक्त दुरुस्त केला होता. आठ दिवस त्या घरात नुसत्या फेऱ्या मारत राहिल्या. मग सासूबाईंनीच विषय काढला. पुढची खोली रिकामीच असते, तिथे स्टुडिओ काढ, म्हणाल्या. कॅमेरा आहे, लागतात ते दिवे. आणि कपाटातून आपल्या मुदत ठेवीची पावती काढून टेबलावर ठेवली.

"ही मोड," त्या म्हणाल्या. "एवढीच आहे, दुसरी नाही. दिवे घे. पण पहिला फोटो माझा काढायचा, आणि त्यात डोळे माझे पाहिजेत. तुझे नकोत."

ठेव एकदाच मोडायची होती. दिवे चुकले तर स्टुडिओ गेला, आणि त्याच्या आधी वीस तारीख गेली.

बाजाराच्या मागच्या रस्त्याला फोटोचं सामान विकणारा आणि दुरुस्त करणारा एक माणूस होता. त्याला सगळे दिवेवाला म्हणत. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की त्याला स्वतःला स्टुलावर चढून बसावं लागे. बाईंनी गेल्या गेल्या विचारलं, सगळ्यात जास्त ताकदीचा दिवा कोणता. दिवेवाल्यानं उत्तर दिलं नाही. उलट त्यानंच विचारायला सुरुवात केली. खोली केवढी? दहा बाय बारा. छत किती उंच? हात वर केला की पंख्याला लागेल एवढं. भिंती कसल्या? पांढऱ्या. फोटो कुणाचे काढणार? माणसांचे, एकेकट्याचे, फार तर दोघांचे.

मग तो शांतपणे सांगायला लागला. सतत जळणारे दिवे स्वस्त पडतात, दिसतं तेच फोटोत येतं, शिकायला सोपे. पण पुरेसा उजेड हवा तर ते समोरच्याच्या तोंडावर इतका वेळ मारावे लागतात की म्हातारं माणूस डोळे बारीक करून बसतं. म्हणजे फ्लॅशच बरा. फ्लॅश घ्यायचा तर खोक्यावरचा मोठा आकडा बघू नका. लहान खोलीत मोठा दिवा म्हणजे मोरीत नळाऐवजी आगीच्या बंबाचा पाइप. विचारायचं ते असं, की दिवा सगळ्यात कमी किती करता येतो, एकदा चमकल्यावर पुन्हा तयार व्हायला किती वेळ घेतो, आणि आतली नळी गेली तर इथे मिळते का. त्यानं दोन लहान दिवे दाखवले, एक नवा, एक वापरलेला, बरोबर दोन पांढऱ्या छत्र्या आणि स्टँड. सगळं मिळून ठेवीत बसत होतं.

बाईंनी ते दिवे बघितले आणि त्यांचा हिरमोडच झाला. डब्याएवढे ते दिवे. मास्तरांचा दिवा कसा, कमरेएवढ्या पेटीवर उभा, वर परातीएवढं भांडं, आणि चमकायच्या आधी असा कुंईऽऽ करत चढायचा, चढायचा, आणि टक् करून थांबायचा. एकवीस वर्षं पडद्याआडून बाईंनी तो आवाज ऐकला होता. त्या आवाजावर त्यांचं घर उभं राहिलं होतं. दिवा म्हणजे तो. बघून सांगते, असं दिवेवाल्याला म्हणून त्या तडक मास्तरांकडे गेल्या.

मास्तरांनी दिवा द्यायला चक्क नकार दिला. तुझ्या कामाचा नाही तो, म्हणाले. बाईंना वाटलं, दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल. त्यांनी हट्ट धरला. शेवटी मास्तर कंटाळून म्हणाले, घेऊन जा, पण परत आणावासा वाटला तर लाजू नकोस. आणि किंमत सांगितली. पूर्ण ठेव गेली. बाई मात्र टेम्पोत दिव्याशेजारी बसून घरी आल्या तेव्हा वरातीत बसल्यासारख्या खूश होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई नवी शाल घेऊन स्टुलावर बसल्या. दिव्यानं सूर धरला, कुंईऽऽ, आणि टक् झालं. बाईंनी खटका दाबला. डोळे मिटलेले. पुन्हा. मिटलेले. दिवा एकदा चमकला की पुन्हा तयार व्हायला सहा सेकंद घ्यायचा, आणि ते सहा सेकंद सासूबाई खांदे आवळून, श्वास रोखून वाट बघायच्या. टक् झालं की पापण्या खाली. अकरा फोटो झाले, अकराही तसेच. शिवाय दिवा सगळ्यात कमीवर ठेवूनसुद्धा चेहरा असा पांढराफटक, की नाक शोधावं लागत होतं. बाईंनी बोलण्यात गुंतवून बघितलं, फसवून बघितलं, एकदा तर आवाज चढवला. म्हातारीनं शाल सारखी केली. मग हळूच म्हणाली, माझेच मेले भित्रे आहेत गं, तुझा काय दोष. ते ऐकून बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या आत जाऊन उगाच भांडी घासत बसल्या.

दुपारी सासूबाई लवंडल्या तेव्हा बाईंनी कॅमेऱ्याचा खटका आपोआप पडेल असा लावला आणि स्वतःच स्टुलावर जाऊन बसल्या. दिवा बरोबर आहे का, एवढंच बघायचं होतं त्यांना. फोटो कॉम्प्युटरवर उघडला. डोळे मिटलेले. बाई चरकल्या. पुन्हा बसल्या, मुद्दाम डोळे ताणून. पुन्हा मिटलेले. मग त्यांनी समोरच्या शिंप्याला हाक मारली. तो गळ्यातल्या टेपसकट येऊन बसला, कुंईऽऽ झालं, टक् झालं, आणि सहा फूट उंचीच्या, कुणाच्या बापाला न भिणाऱ्या त्या माणसानंही पाचातल्या चार फोटोंत डोळे मिटले. तो आवाज चढत जातो ना, तो थांबला की धसकाच बसतो, असं म्हणून शिंपी आपल्या मशीनवर निघून गेला.

बाई त्या दिव्यासमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या. एकवीस वर्षं त्यांनी जे डोळे उघडले होते, ते सगळे या धुडानं मिटवले होते. लोक बिचारे तसे नव्हतेच. आणि हे पडद्याच्या या बाजूला बसून त्यांना कधी कळलंच नव्हतं, कारण त्या बाजूला त्या कधी बसल्याच नव्हत्या.

असा राग आला त्यांना म्हणून सांगू. चप्पल पायात सरकवली आणि मास्तरांचं घर गाठलं. मास्तर गॅलरीत गुडघ्याला पट्टा बांधून वर्तमानपत्र वाचत बसले होते. बाईंनी दारातूनच सुरुवात केली. दिव्यात खोट आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं, ठाऊक असताना इतकी वर्षं तोच का वापरला, नवे लहान दिवे येऊन जमाना झाला, आणि वर माझ्या म्हातारीची ठेव घेऊन तो मला विकलात. एका दमात सगळं बोलून झालं. मास्तरांनी पेपराची घडी घातली.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. "तू यायच्या आधीपासून ठाऊक होतं. तुझ्या सासूनं तुला आणून उभं केलं, त्याच आठवड्यात नवे दिवे घ्यायचे ठरवले होते मी. ते घेतले असते तर लोकांचे डोळे मिटलेच नसते. मग तुला मी काय काम सांगितलं असतं?"

बाई उंबरा ओलांडून गॅलरीत आल्या.

"पुढच्या वर्षी घेऊ म्हटलं. मग त्याच्या पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले. "आणि मी चिक्कूही आहे, ते कशाला लपवू. पण तू काढलेले डोळे लोकांना आवडायचे, बाई. कुणी तक्रार केली नाही."

आता यावर माणसानं रागवावं कसं, ते तुम्हीच सांगा. बाईंना रडूही येत होतं आणि हसूही. नवरा गेल्यावर ज्या महिन्यात घरात पीठ येईल की नाही अशी गत होती, त्या महिन्यापासून हा कुरकुऱ्या म्हातारा आपल्या धंद्याचं नाव पणाला लावून त्यांच्यासाठी लोकांचे डोळे मिटू देत होता, आणि एकवीस वर्षांत त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. बाईंनी गॅलरीतल्या मोडक्या खुर्चीवर बसून डोळे पुसले. मास्तर तेवढ्यात आत जाऊन पाकीट घेऊन आले. बाईंनी ठेव मोडून दिलेले पैसे त्यात तसेच होते, त्यांना हातही लावला नव्हता. परत आणशील हे मला माहीत होतं, पण नुसतं सांगून तू ऐकणारी नाहीस, म्हणाले.

मग मास्तरांनी आपली खरी विद्या सांगितली. त्यांच्या गुरूनं त्यांना शिकवलेली, पण त्या सहा सेकंदांच्या दिव्यापुढे कधी चालवता न आलेली. माणूस पहिल्या उजेडाला डोळे मिटतं, ते मिटू द्यायचं. तो उजेड खोटा. पापण्या उघडून वर येतात त्या क्षणी दुसरा पाडायचा, तो खरा. दोन्हींमध्ये एका सेकंदापेक्षा जास्त वेळ गेला की माणूस पुन्हा सावध होतं. एक खोटा, एक खरा, एवढं लक्षात ठेव, असं त्यांनी तीनदा सांगितलं, जणू बाई पहिलीत होत्या.

दिवेवाल्यानं बाईंना बघितलं आणि कालची आठवण करून दिली नाही, हा त्याचा सज्जनपणा. बाईंनी या वेळी आकडा विचारलाच नाही. नवा दिवा हातात घेतला, लावायला सांगितलं, आणि लागोपाठ दोनदा दाबून बघितला. दुसऱ्यांदा तयार व्हायला त्याला सेकंदही लागला नाही. फक्त तयार झाला की तो पीक् असा बारीक आवाज करायचा. बाईंचा चेहरा पडला. तेव्हा दिवेवाल्यानं मागचं एक बटण दाबलं आणि दिवा गप्प झाला. वापरलेल्या दिव्याच्या उजेडात त्यानं दहा फोटो काढून दाखवले, दहाही एकसारखे उजळ आहेत की नाही ते बाईंनी चष्मा लावून तपासलं. कॅमेरा दिव्यांना जोडायला बिनतारी यंत्राऐवजी साधी वायर घेतली, कारण खोलीत पळायला जागाच नव्हती. दोन छत्र्या, दोन स्टँड. तिसरा दिवा घ्यावासा वाटत होता, तर दिवेवाल्यानंच अडवलं. त्याच्याऐवजी थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा करा, हनुवटीखालची सावली जाईल, म्हणाला. आपल्याच हातानं आपली विक्री कमी करणारा दुकानदार बाई प्रथमच बघत होत्या. त्याला त्यांनी मनापासून धन्यवाद दिले, आणि तो स्टुलावर अवघडून हसला.

अठरा तारखेला सकाळी सासूबाई पुन्हा तीच शाल घेऊन बसल्या. या वेळी मनातून त्यांची खात्रीच होती, की जाणं आपल्या नशिबात नाही. दिवे दोन्ही बाजूंना छत्र्यांत तोंड घालून उभे होते, कुंई नाही, टक् नाही. बाईंनी कॅमेरा स्टँडवर लावला आणि आपण त्याच्यामागे न राहता शेजारी उभ्या राहिल्या. वन्संना तिथे गेल्यावर पहिलं काय म्हणणार, असं विचारलं.

"म्हणेन, किती वाळलीस गं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या म्हणत असतानाच पहिला उजेड पडला. पापण्या खाली गेल्या. पापण्या वर आल्या. दुसरा उजेड पडला.

बाईंनी फोटो बघितला. मग खाली बसून बघितला. इतकी वर्षं ज्या बाईबरोबर रोज सकाळी चहा प्याल्या, तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा लहान होता आणि त्याची बाहेरची कड खाली उतरलेली होती. भिंतीवरच्या प्रत्येक फोटोत त्यांनी तिला दोन सारखे, टपोरे डोळे दिले होते. इतके सुंदर, की घरात कुणाचेच नव्हते. त्यांनी कॅमेरा सासूबाईंच्या हातात दिला. सासूबाईंनी तो लांब धरला, जवळ धरला.

"ही तर माझी आई," त्या म्हणाल्या. "सूनबाई, मी आईसारखी दिसते हे मला कुणी सांगितलंच नाही."

मग सासूबाई उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला.

एकोणीस तारखेला अर्ज गेला आणि या वेळी परत आला नाही. जायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी फोटोच्या सहा प्रती मोजल्या. दोन अर्जाला गेल्या होत्या, एक लेकीसाठी, एक स्वतःच्या पर्समध्ये, एक सुनेच्या उशाशी ठेवायला. सहावी मास्तरांना नेऊन दे म्हणाल्या. आणि त्याला सांग, एवढी वर्षं माझ्या घरची चूल तुझ्या त्या भिकार दिव्यावर पेटली, हे मी विसरणार नाही.

मास्तर गॅलरीतच होते. बाईंनी निरोप सांगितला तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघितलं. मग फोटो घेतला, चष्मा वर सरकवला, उजेडाकडे तिरका धरला, आणि एकवीस वर्षांच्या सवयीनं त्यांचा अंगठा फोटोतल्या डोळ्यांवर गेला, रंग वाळलाय का बघायला.

"चांगले काढलेस," ते म्हणाले. "डावा मात्र जरा लहान झाला."

"मी नाही काढले, मास्तर," डोळेबाई म्हणाल्या. "त्यांचेच आहेत."

मास्तरांनी अंगठा उचलला.